जॉन लोगनची आई

मनकर्णा विधवा झाली तेव्हा तिच्या भावानं, चंद्रभाननं, तिला अकोल्याला आपल्या घरी आणलं आणि लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा. कुणब्यांत विधवेचा पाट लागतो, दुसरं लग्न होतं. चांगल्या ठिकाणांहून तिच्यासाठी विचारणाही आली होती. चंद्रभाननं सगळीकडे नकार कळवला. त्या वर्षांत कापसाला माणसं पुरत नव्हती. सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेत गोरे आपसांत लढत होते, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हता तो भाव आलेला. ज्यांच्या घरी कालपर्यंत दोन्ही वेळा अंबाडीची भाजी होती, त्यांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. अशा दिवसांत कापूस निवडणारी बाई आपल्या घरातून दुसऱ्याच्या घरी कोण पाठवील? मनकर्णा सकाळी वखारीत जाई, कापसातली पत्ती आणि किडकी बोंडं दिवसभर निवडी, आणि मजुरी आणून भावजयीच्या हातावर ठेवी. भावजय जमुना ती कमरेला खोचताना दर वेळी म्हणे, आज कमीच दिसते.

लोगन साहेबानं तिला वखारीतच पाहिलं. तो मुंबईच्या एका पेढीसाठी कापूस विकत घेई. स्कॉटलंडचा होता; इंग्रज म्हटलं की त्याला राग येई, आणि अकोल्यात सगळे त्याला इंग्रजच म्हणत. पुढे जे झालं त्याबद्दल मनकर्णेला कुणी काही विचारलं नाही. चंद्रभानला मात्र विचारलं होतं. महिन्याभरात चंद्रभान वखारीचा जमादार झाला, आणि मोर्णा नदीच्या काठी मनकर्णेसाठी दोन खोल्यांचं कौलारू घर उभं राहिलं. घराच्या कागदावर साहेबाला स्वतःचं नाव नको होतं, म्हणून चंद्रभानचं घातलं.

मग जात बसली. मनकर्णेला वाळीत टाकलं. चंद्रभाननं जातीला जेवण घातलं, बहीण मेली असं चार माणसांत सांगितलं, आणि तो स्वच्छ झाला. तिच्या हातचं पाणी त्या घराला चालेना. तिच्या घरचे तांदूळ, गूळ, तुपाचा डबा चाले. जमुना तो मागच्या दारानं घेऊन जाई आणि जाताना घरभर नजर फिरवून आणखी काय नेता येईल ते पाहून ठेवी.

साहेब वाईट नव्हता, असं मनकर्णा म्हातारपणीही म्हणत असे. पण चांगला होता असंही तिनं कधी म्हटलं नाही. संध्याकाळी येई, बूट काढी, आणि खाटेवर कागद पसरून बसे. त्याच्या गावात समुद्रकाठी एक देऊळ होतं, आणि तिथं गावातला प्रत्येक जन्म, प्रत्येक लग्न, प्रत्येक मूठमाती एका मोठ्या पुस्तकात लिहून ठेवायची रीत होती. साहेब तिथल्या कारकुनाला पत्रं घाली. कारकून नकला पाठवी. त्या जोडून जोडून साहेब आपल्या घराण्याचं झाड काढी. पणज्याच्याही वर एका ठिकाणी त्याचं घोडं अडलं होतं. एकाच वर्षी, एकाच नावाच्या दोन पोरांच्या डोक्यावर त्या देवळात पाणी घातलेलं होतं. एक दगडी वाड्याच्या मालकाचं, दुसरं शेतमजुराचं. साहेबाला पहिल्याच्या वंशातलं व्हायचं होतं. त्यापायी त्याच्या संध्याकाळच्या संध्याकाळी जात.

मनकर्णेनं डाळ निवडता निवडता त्याला एकदा सांगितलं, की आमच्याकडे सुगी झाली की भाट येतो, तोही असंच करतो. ज्यानं बैल दिला त्याचा आजा राजाचा सरदार निघतो, ज्यानं पायलीभर जवारी दिली त्याचा आजा नुसता आजाच राहतो. साहेबाला हिंदुस्थानी बरी येत होती. त्याला ते कळलं आणि आवडलं नाही. भाटाच्या तोंडात आणि पुस्तकात फरक असतो, असं त्यानं सुनावलं, आणि फरक दाखवायला एका नकलेवर बोट फिरवून वाचलं: बापाचं नाव, गाव, धंदा, आणि पुढे आईचं नाव. ही मार्गारेट. ही एल्स्पेथ, मासे साफ करणाऱ्याची मुलगी. ही जेनेट, हिचं तर लग्नही झालेलं नव्हतं, तरी लिहिलेली.

मनकर्णेनं डाळीचं सूप खाली ठेवलं. ती ज्या घरात दिली गेली तिथं भाटाची पोथी तिनं ऐकली होती, माहेरीही ऐकली होती. अमक्याचा तमका, तमक्याचा अमका, जणू सगळे पुरुष पऱ्हाटीसारखे जमिनीतून उगवून आलेले. तिथं आई नव्हतीच, तर वाळीत टाकलेली आई कुठून असणार. तिनं साहेबाला विचारलं, काळ्या बाईचंही लिहितात का. साहेब म्हणाला, लिहावंच लागतं, तशी रीतच आहे.

तिला मुलगा झाला. तिनं त्याचं नाव खुशाल ठेवलं. त्याला तिच्या आईचे घारे डोळे आले होते. तेच डोळे जमुनेच्या सूर्यभानलाही होते, आणि दोन्ही पोरं महिन्याभराच्या अंतराची. साहेबानं सांगितलं की कामठीच्या छावणीतला पादरी वर्षातून दोनदा अकोल्याला येतो, तो आला की मुलाच्या डोक्यावर पाणी घालून पुस्तकात लिहून घेऊ. नाव जॉन, आज्याचं. मनकर्णेला जॉन काय आणि खुशाल काय, सारखंच होतं. तिला पुढचा रकाना हवा होता.

पादरी शिमग्याच्या सुमारास आला. साहेब तेव्हा अमरावतीच्या बाजारात अडकलेला. भाव रोज खाली येत होते आणि त्याला जागचं हलता येईना. त्यानं चंद्रभानला निरोप पाठवला, की पोराला पादऱ्याकडे ने, नाव घालून घे, आणि नक्कल मला अमरावतीला पाठव.

आणि त्याच आठवड्यात खुशालला देवी आल्या.

घरात देवी असली की काय करत नाहीत हे वऱ्हाडात तान्ह्या पोरीलाही ठाऊक असतं. फोडणी द्यायची नाही. वेणी घालायची नाही. दाराला कडुलिंबाचा पाला, आत-बाहेर जाणं बंद, आणि पोराच्या अंगाला पाणी म्हणून लावायचं नाही. देवी आपल्या पायांनी जाते; मग तिला दहीभात दाखवून पहिली आंघोळ घालायची. त्याआधी पाण्याचा थेंब पडला तर ती पोराला घेऊनच जाते. आणि पादऱ्याला तर पाणीच घालायचं होतं, तेही डोक्यावर. तो दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होता, आणि पुन्हा दिवाळीनंतर येणार होता.

मनकर्णेनं पोर नेलं नाही. पण नावही सोडलं नाही. नवस बोललेली बाई अडली, तर तिच्याऐवजी बहीण जाऊन दंडवत घालते आणि देवाला तो पोचतो. मग हा देव काय निराळा असणार? त्याला एक ओलं डोकं हवं होतं आणि एक नाव हवं होतं. तिनं दाराच्या आतूनच जमुनेला सांगितलं, तुझं पोर घडीभर दे.

जमुनेनं कुरकुर केली. पोर बाटेल म्हणाली. मग खुशालच्या पायांत साहेबानं केलेले चांदीचे वाळे होते, ते मागितले. फोडांनी सुजलेल्या पायांतून मनकर्णेनं ते काढले आणि दाराच्या फटीतून बाहेर सरकवले. चंद्रभाननं सूर्यभानला शालीत गुंडाळून साहेबाच्या बंगल्यावर नेलं. पादरी म्हातारा होता, घाईत होता, छावणीत सगळ्या रंगांची पोरं पाहून चुकलेला होता. त्यानं पाणी घातलं आणि लिहिलं: जॉन, बाप रॉबर्ट लोगन, आई मनकर्णा. नक्कल अमरावतीला गेली. घरी आल्यावर जमुनेनं सूर्यभानला गोमूत्र लावून आंघोळ घातली आणि विषय संपला.

खुशाल वाचला नाही. देवी जाता जाता त्याला घेऊन गेली. तान्हं पोर जाळत नाहीत. मनकर्णेनं त्याला मोर्णेच्या काठी पुरलं आणि वर दगड रचले. लोगन साहेब अमरावतीहून परस्पर मुंबईला गेला. अमेरिकेतली लढाई संपली होती, कापसाचे भाव कोसळले होते, त्याची पेढी बुडाली, आणि तो मुंबईतच तापानं मेला. आपला मुलगा गेला हे त्याला कळलंच नाही. नक्कल मात्र त्यानं आल्या पावली स्कॉटलंडला बहिणीकडे धाडली होती, झाडाला नवं पान आलं म्हणून.

भाव पडले तरी लोकांची हाव पडली नव्हती. त्या मृगाला चंद्रभाननं नदीकाठची पट्टी खंडानं घेतली आणि पाण्यापर्यंत वखर फिरवला. मनकर्णा धुऱ्यावर उभी राहून म्हणाली, तेवढी हातभर जागा सोड. तो म्हणाला, वखराचा एक तास मोडला तर पुढचे सगळे मोडतात. दगड उचलून त्यानं बांधावर टाकले आणि तिथं सरकी टोबली. जमुना शिदोरी घेऊन आली होती. ती हे सगळं पाहत भाकरी सोडत बसली.

तेव्हापासून मनकर्णा भावाशी बोलली नाही. वखारीत निवडायला जाई, नदीकाठच्या घरात राही.

तीन वर्षांनी कामठीहून नवा पादरी आला. हा तरुण होता, पुण्याच्या शास्त्र्याकडे मराठी शिकलेला, आणि प्रत्येक वाक्य ताटात वाढल्यासारखं नीट मांडून बोले. त्याच्याकडे साहेबाच्या बहिणीचं पत्र होतं. भावाचं काम तिनं हाती घेतलं होतं. अडलेलं घोडं सुटलं होतं: साहेबाचा पूर्वज मजुराचाच पोर निघाला होता. बहिणीला मूल नव्हतं, घराण्यात दुसरं कुणी उरलं नव्हतं, आणि झाडाच्या शेंड्यावर आता जॉन लोगन नावाचा एकच मुलगा होता. त्याला मुंबईच्या शाळेत घालावं, वाढवावं, पुढे आपल्याकडे आणावं, असं तिनं लिहिलं होतं. पादऱ्यानं तंबू ठोकला आणि जुन्या जमादाराला, म्हणजे चंद्रभानला, बोलावणं धाडलं.

त्याच दुपारी जमुना सूर्यभानचं बोट धरून तंबूत गेली आणि म्हणाली, हाच तो. पाणी ह्याच्याच डोक्यावर पडलं. आई वखारीत जाते, मी नुसता वाढवला. पादऱ्यानं मुलाचे घारे डोळे पाहिले आणि त्याचा विश्वास बसला. फक्त आईच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं.

दिवस मावळायच्या आत जमुना मनकर्णेकडे आली. पुढच्या दारानं आली. चुलीपाशी पाट ओढून बसली.

"पाणी दे वं मनकर्णे."

मनकर्णेनं माठाकडे बोट केलं. "आज चालते का?"

"आता सारं घरचंच झालं न." जमुनेनं स्वतः गडवा भरून घेतला आणि हातात धरून बसली. मग समजुतीच्या सुरात सगळं सांगितलं. गावात म्हणू, पोरगा अमरावतीला मावशीकडे ठेवला. पैसे येतील ते दोघी खाऊ. तुझं वाळीतलं जिणं संपेल, चंद्रभान जातीशी बोलेल. "तू इतकंच म्हण का पोरगं तुयं हाय."

"अन् खुशाल?"

"खुशाल मेला. मेलेल्याले काय लागते?"

"मेलेल्याले नाव लागते," मनकर्णा म्हणाली. "जित्याले तं तुयं हाय."

जमुनेनं गडवा खाली ठेवला. पाणी तसंच होतं. आता तिचा आवाज नेहमीचा झाला. पाणी माझ्या पोरावर पडलं, हे पादऱ्याला शपथेवर सांगीन, म्हणाली. तू नाही म्हण नाही तर हो म्हण, पुस्तकातला पोर माझाच आहे. "अन् हे घर कोणाच्या नावानं हाय, मालूम हाय न तुले?"

"मालूम हाय," मनकर्णा म्हणाली. "चुलीत लाकूड सरकव, विझून राहिलं."

ती गेल्यावर मनकर्णेला अडचण नीट दिसली. खरं सांगावं, की पाणी जमुनेच्या पोरावर पडलं, तर पुस्तकातली ओळ खोटी ठरणार. पादरी ती खोडणार, आणि खुशालबरोबर तिचंही नाव जाणार. गप्प बसावं, तर त्या ओळीत सूर्यभान शिरणार, मुंबईला जाणार, मोठा होणार, आणि ज्याच्या छातीवर चंद्रभाननं सरकी टोबली तो कधी जन्मलाच नव्हता असं होणार. पण जमुनेलाही एक अडचण होती, आणि ती जमुनेला अजून दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पादऱ्यानं बोलावलं तेव्हा मनकर्णा तंबूच्या बाहेरच उभी राहिली. आमच्यात नातं चार माणसांपुढे सांगतात, म्हणाली. चावडीवर विचारा, पाटील असू द्या, जातीचे असू द्या, मग मी सांगते. पादऱ्याला लोकांच्या चालीरीतींचं फार कौतुक होतं. त्यानं लगेच होकार दिला. चंद्रभान मध्ये पडून म्हणाला की एवढ्याशा गोष्टीला चावडी कशाला, बाईमाणूस लाजते. पादरी म्हणाला की सत्याला लाज वाटण्याचे कारण नाही.

बाजाराचा दिवस होता. चावडीपुढे माणूस मावत नव्हता. वामनराव पाटील लोडाला टेकून बसले, शेजारी कुणब्यांची म्हातारी माणसं. सूर्यभानला नवी बंडी घालून आणलं होतं. पादऱ्यानं टिनाच्या पेटीतून पुस्तक काढलं, मांडीवर उघडलं आणि जमुनेकडे वळून, सर्वांना ऐकू जाईल अशा स्वच्छ मराठीत विचारलं:

"बाई, काल आपण मला सांगितलेत, की ख्रिस्ती धर्माचे पाणी या मुलाच्या मस्तकावर पडले. तेच येथे पुन्हा सांगावे."

वामनराव लोडावरून सरळ झाले. एक म्हातारा दुसऱ्याच्या कानाशी लागला आणि दोघांनी चंद्रभानकडे पाहिलं. त्याच्या घरी त्यांनी गेल्याच आठवड्यात पंगत झोडली होती.

पोर किरिस्ताव झालं असं इथं म्हटलं, की उद्यापासून जमुनेच्या चुलीवरचं अन्न कुणी खाणार नव्हतं, थोरल्या पोरीचं ठरलेलं लग्न मोडणार होतं. तिनं मनकर्णेकडे पाहिलं. मनकर्णा तिच्याकडेच पाहत होती, आणि घाईत नव्हती.

"कोणतं पाणी?" जमुना शेवटी म्हणाली. "आमी कुणबी हावो, साहेब."

पादरी गोंधळला. मग हा मुलगा कुणाचा, असं त्यानं विचारलं.

"माया," जमुना म्हणाली, आणि पोराला पदराखाली ओढून रडायला लागली. चंद्रभान पुढे येऊन सांगू लागला की बायको भोळी आहे, साहेबलोकांच्या तंबूत घाबरून काहीबाही बोलली. लोक हसले. पादऱ्याचा चेहरा लाल झाला; त्याला पहिल्यांदाच कुणी तोंडावर खोटं ठरवलं होतं. त्यानं जरा कडक आवाजात मनकर्णेला विचारलं, की मग जॉन लोगन कुठे आहे.

"माया पोराच्या डोक्यावर पाणी टाकलं," मनकर्णा म्हणाली. "मंग त्याले देवी आल्या अन् तो मेला. लिवा."

तिनं देवी आधी आणि पाणी नंतर होतं ते उलट करून सांगितलं, आणि भावाकडे मान वळवली. तो खोडून काढतो का, याची ती वाट पाहत राहिली. चंद्रभाननं पागोटं काढून घाम पुसला.

पादऱ्यानं लिहिलं. थडगं कुठं आहे, तिथं एक खूण उभारावी अशी मुलाच्या आत्याची इच्छा असेल, असं तो म्हणाला. मनकर्णेनं सांगितलं की तिथं आता कापूस होतो, पेरणाऱ्याला विचारा, हा उभा आहे. मग ती म्हणाली, काय लिहिलं ते वाचा. त्यानं वाचलं. मोठ्यानं वाचा, म्हणाली. त्यानं पुन्हा वाचलं: जॉन, बाप रॉबर्ट लोगन, आई मनकर्णा, राहणार अकोला, बालपणी देवीच्या आजाराने मृत. कुणब्यांच्या म्हाताऱ्यांतला एक जण थुंकला. तिचं नाव त्यांच्यापुढे कुणी उच्चारल्याला बरीच वर्षं झाली होती.

चंद्रभान त्याच संध्याकाळी दारात आला. आत न येता भांडी बाहेर फेकायला लागला. माझ्या पोराचं सोनं झालं असतं, तू त्याचा घास काढला, असं तो ओरडत होता. मनकर्णा अंगणातली भांडी उचलून पोत्यात भरत होती. ती एवढंच म्हणाली, "सोनं झालं असतं. माया पोराच्या नावावर."

मनकर्णा पोतं उचलून अमरावतीला गेली. गावानं ह्यात तिची बाजू घेतली नाही. पोर शिकलं असतं, घर तरलं असतं, मेलेल्याचं काय बिघडत होतं, असं लोक म्हणाले, आणि ज्यांना पाण्याची खरी गोष्ट कधीच कळली नाही तेही म्हणाले, की बाई कठीण काळजाची. सूर्यभान पुढे गाड्या हाकू लागला. आपल्याला काय मिळणार होतं आणि कुणामुळे गेलं, हे आईनं त्याला लहानपणापासून पाजलं होतं. अमरावतीच्या बाजारात एकदा मनकर्णा समोर दिसली तेव्हा त्यानं बैल तिच्या अंगावर घातले. ती बाजूला झाली.

अमरावतीला ती शेवटपर्यंत कापूस निवडत होती. बायकांच्या रांगेत नवी कुणी आली की विचारायची, मावशी, मूलबाळ? मनकर्णा हात न थांबवता सांगे, एक पोरगा होता, जॉन लोगन नावाचा. बायका एकमेकींना कोपरं मारत. म्हातारी भ्रमिष्ट आहे असं त्यांना वाटे. एखादी तोंडाळ असली तर हसून म्हणे, असं कुठं असते का मावशे, कुणबिणीच्या पोराचं असं नाव?

"कामठीच्या पुस्तकात हाय," मनकर्णा म्हणे. "मायं नाव बी हाय. जाऊन पाह्य." ती हे भांडायला उभं राहिल्यासारखं म्हणत असे, म्हणून पुढे कुणी विचारीत नसे.